खोलीचा आवाज

१

मी आजवर एकसष्ट वेळा मेलो आहे. हा हिशेब माझा नाही, बायकोचा आहे. नवीन काम आलं की ती एकच प्रश्न विचारते, "यात शेवटपर्यंत आहात ना?" आणि मी उगाच चहा ढवळत बसतो. सव्विसाव्या वर्षी आमच्या नाटकात म्हाताऱ्याचं काम करणारे नट ऐनवेळी आजारी पडले, तेव्हा माझ्या केसांना पांढरा रंग फासून मला त्यांच्या पलंगावर निजवलं. त्या प्रयोगात मी असा काही मेलो की पहिल्या रांगेतली एक बाई घाबरून उठून उभी राहिली. तेव्हापासून मला कुणी जगू दिलं नाही. बरोबरीचे लोक प्रेमं करून, मारामाऱ्या करून, टक्कल पडून घरी बसले. मी आपला कधी वडील, कधी सासरे, कधी हेडमास्तर, कधी निवृत्त न्यायाधीश होऊन मरत राहिलो.

मरण्यात माझी एक खुबी आहे. तीन आखूड श्वास घ्यायचे आणि थांबायचं. बघणाऱ्याला वाटतं, संपलं. त्याचा हात रुमालाकडे जातो, तेवढ्यात एक लहानसा श्वास येतो, चुकून राहून गेल्यासारखा. तिथे थिएटर हमखास रडतं. मुलाखतींत मी सांगतो की हे वडिलांच्या अंथरुणाशी बसून शिकलो. धादांत खोटं आहे. वडील गेले तेव्हा मी दौऱ्यावर होतो, आणि आलेली तार आयोजकाने पडदा पडेपर्यंत खिशात ठेवली होती. तो लहान श्वास एका प्रयोगात आपला आपण आला. तो मी आणलेला नव्हता, एवढंच मला ठाऊक आहे.

सध्याचा सिनेमा एका तरुण दिग्दर्शक मुलीचा. स्टुडिओत तिने एक निजायची खोली उभी केली होती: पलंग, कपाट, औषधांच्या बाटल्या, खिडकीबाहेर ताणलेलं पांढरं कापड आणि त्यामागे दिवा. घरातल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावरून माझं मरण टिपायचं होतं, म्हणजे एकच मरण सहा दिवस पुरवून पुरवून मरायचं.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. एखाद्या खोलीतलं दिवसाचं काम आटोपलं की ध्वनिमुद्रण करणारा सगळ्यांना जागच्या जागी थांबवतो आणि अर्धं मिनिट नुसती शांतता टिपून घेतो. प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते. पुढे संवादांमधल्या फटी बुजवायला तीच लागते. त्याला आम्ही खोलीचा आवाज म्हणतो. चाळीस माणसं अर्धं मिनिट हलत नाहीत, बोलत नाहीत, नाक ओढत नाहीत. आमच्या या ध्वनिमुद्रकाला सगळे 'कान' म्हणतात. माणूस सडपातळ, बोलायला कंजूष.

पहिल्या दिवशी मी मरून उठलो, चपला पायात सरकवल्या आणि भिंतीशी जाऊन उभा राहिलो. कानने हात वर केला. दहा सेकंदांत खाली घेतला.

"काका, श्वास."

मला थोडा दमा आहे. मी माफी मागून तोंड भिंतीकडे केलं. त्याने पुन्हा हात वर केला, पुन्हा खाली घेतला.

"काका, अजून येतोय."

तिसऱ्यांदा मी श्वासच धरला. तोंडावर हात दाबून उभा राहिलो, आणि शेजारचा रंगभूषावाला हसू दाबत खाली बघत राहिला. कानने कानांवरचे हेडफोन घट्ट धरले. तो माझ्याकडे बघतच नव्हता. त्याची नजर लांब काठीला लावलेल्या माइकवर होती, आणि माइक पलंगावर लोंबत होता.

"तुमचा नाहीये," तो हळूच म्हणाला.

पलंग रिकामा होता. उशीवर माझ्या डोक्याचा खळगा तेवढा होता. मग कुणीतरी एसीला शिव्या दिल्या, दुसऱ्या कुणीतरी दिवे घालवले, आणि आम्ही घरी गेलो.

२

घरी बायकोच्या डोळ्याला पट्टी होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते. दुसरा डोळा आधीपासून अंधूकच, त्यामुळे तिचं सगळं आता कानांवर चाललं होतं. पुढच्या खोलीत खुर्चीत बसायची, वाकायचं नाही, शिंकायचं नाही, दर चार तासांनी थेंब घालायचे. मी दिवसभर बाहेर, म्हणून खालच्या मजल्यावरच्या वहिनी मधून मधून येऊन थेंब घालून जात.

मी हातपाय धुऊन तिच्याजवळ बसलो.

"झाली का झोप?" तिने विचारलं.

"कसली झोप? आत्ता तर येतोय."

"दुपारी आतल्या खोलीत पडला होतात ना. किती तो घरघराट. मी मुद्दाम उठवलं नाही."

"अगं, सकाळी सातला गेलो तो आत्ता दारात पाय ठेवतोय."

"बरं बाई," ती म्हणाली. हा तिचा वाद मिटवायचा जुना मार्ग. वाद मिटतो, पण चूक माझी ठरते.

मी आतल्या खोलीत गेलो. आमची ती खोली लहान आहे. एक पलंग, एक लोखंडी कपाट, मागच्या भिंतीतून जाणारा पाण्याचा पाइप. पाइप वाजतो, हे मला माहीत आहे. वरच्या मजल्यावरच्या आजोबांचा रेडिओ इथे ऐकू येतो, हेही माहीत आहे. डोळ्यावर पट्टी असलेल्या माणसाला काहीही भास होतात, असं डॉक्टरसुद्धा म्हणाले होते. एवढी तीन कारणं हाताशी असल्यावर चौथं शोधायची गरज नव्हती. पलंगावरची चादर थोडी चुरगळलेली होती. सकाळी ती मीच नीट केली नसणार, असं मी ठरवलं.

३

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कान माझ्याजवळ आला. आपणहून आला, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"काका, पाच मिनिटं आहेत? काहीतरी ऐकवायचंय."

त्याच्या खोलीत सगळीकडे वायरी होत्या. त्याला एक खोड आहे, त्याने स्वतःच कबूल केली. बावीस वर्षांत टिपलेले सगळे खोलीचे आवाज त्याने जपून ठेवले आहेत. लोक तिकिटं जमवतात, हा शांतता जमवतो. त्याने माझ्या कानांवर हेडफोन चढवले.

"हा एकोणीस वर्षांपूर्वीचा. इस्पितळाची खोली होती. तुम्ही न्यायाधीश होतात."

आधी नुसता पोकळ सूर होता. मग त्याखाली, खूप खोल, श्वास. जरा भराभर, पण दमदार. दारामागे कुणीतरी झोपलं असावं तसा.

"ही माझ्या उमेदवारीतली चूक समजलो होतो मी," कान म्हणाला. "आता हा अकरा वर्षांपूर्वीचा. तुम्ही सासरे. आणि हा चार वर्षांपूर्वीचा."

श्वास तोच होता. पण आखूड होत चालला होता. चार वर्षांपूर्वीच्या शांततेत मी मोजले, तीन आखूड श्वास, मग खंड. खंड सरेपर्यंत माझ्या मुठी आवळल्या गेल्या होत्या.

"आणि हा परवाचा."

यात खंड इतका लांबला की मला वाटलं, यंत्र बंद पडलं. मी हेडफोन काढायला हात वर नेला, आणि तेव्हा तो लहानसा श्वास आला. माझ्या अंगावर काटा आला, हे मी कबूल करतो. आयुष्यभर लोकांना जे ऐकवलं ते मी स्वतः पहिल्यांदा ऐकत होतो.

"मी मेलो की तू हे टिपतोस, तेव्हा मी उठून उभा असतो," मी म्हणालो. "तूच बघतोस."

"हो ना," कान म्हणाला. "तुम्ही उठता. 'कट' म्हटलं की तुम्ही लगेच उठता." त्याने वायर गुंडाळायला घेतली. "काका, मी एवढंच बघितलंय. दर वेळी हे आधीच्या पुढे सुरू होतं. परवापासून तर रोजच पुढे जातंय."

मला कुणाचा तरी राग येणं गरजेचं होतं, म्हणून मी त्याच्यावर खेकसलो की जेवायच्या वेळेला हे कसले उद्योग. तो वायरी आवरत राहिला. मी बाहेर आलो आणि डबा न उघडताच परत बांधला.

४

पाचव्या दिवशी मला सुट्टी होती. दिवसभर घरी बसलो. आतल्या खोलीचं दार उघडं टाकून समोर खुर्ची मांडली. पाइपसुद्धा वाजला नाही. बायको म्हणाली, "आज बरं वाटतंय वाटतं तुम्हाला. काल फार लागली होती धाप."

"काल मी कामावर होतो."

"हो, हो. आणि पाणी कोणी मागितलं?"

मी तिच्याकडे बघितलं. पट्टीखालचा तिचा चेहरा शांत होता, जरा दमलेला.

"मागितलं म्हणजे? शब्दांत?"

"शब्दांत कशाला? चाळीस वर्षांत कळतं की. श्वास अडकला की पाणी द्यायचं. भिंत धरत धरत गेले, पेला ओठांना लावला. थोडं प्यायलात. बरंचसं सांडलं." मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "हात केवढे गार होते तुमचे."

आतल्या पलंगाजवळ फरशीवर पाण्याचा वाळका डाग होता. गादीची कड अजून ओली होती. मी तिला म्हटलं, उद्या मी नसताना त्या खोलीत जायचं नाही. मी बाहेरून कडी लावून जाईन.

"कालही लावली होतीत ना तुम्ही," ती म्हणाली. "मग तुम्हीच उघडलीत."

तिला काय सांगणार होतो मी? माझी बायको माझ्या प्रत्येक नाटकाला आली, आणि प्रत्येक नाटकातून शेवटच्या प्रवेशाआधी उठून गेली. बाहेर उपाहारगृहात चहाचा कप धरून बसायची. टाळ्या ऐकू आल्या की आत यायची. सिनेमातही तेच. एकसष्ट वेळांतलं एकही मरण तिने बघितलं नाही. लग्न झालं तेव्हाच म्हणाली होती, "बाकी काय वाटेल ते करा, पण हे मला दाखवू नका." मी तेवढं एक पाळलं होतं. आता ती पट्टी बांधून त्याच्याजवळ जात होती, त्याला पाणी पाजत होती, आणि तो दिवसेंदिवस शेवटाकडे सरकत होता. तो जो कुणी होता तो तिच्या हातात संपायला नको होता. मला दुसरं काही नको होतं.

दुपारभर डोकं खाजवलं तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. मला कुणी कधी पुरतं मरूच दिलं नव्हतं. नाटकात पडदा पडतो, सिनेमात 'कट' म्हणतात, आणि मी शिंकत, खोकत, चहा मागत उठतो. काम अर्धं टाकून उठायची सवय. मग ते अर्धं काम कुठेतरी पडून राहणारच. वेड्यासारखा विचार होता, पण शहाणा विचार आता माझ्याकडे उरला नव्हता.

"उद्याचा शेवटचा दिवस ना?" रात्रीच्या जेवणाला बायकोने विचारलं.

"हो."

"मग पुरे झालं आता."

"पुरे," मी म्हणालो, आणि खरोखर मनापासून म्हणालो. हाडं दमली होती माझी.

५

सकाळी निघताना खालच्या वहिनींना सांगितलं की आज दिवसभर हिच्याजवळच बसा, एकटं सोडू नका. त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही बिनघोर जा." मी आतल्या खोलीला कडी लावली, वर कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

स्टुडिओत दिग्दर्शक मुलीला बाजूला घेतलं.

"आज एक मागणं आहे. मी मरेन तेव्हा 'कट' म्हणायचं नाही. लहान श्वासानंतरही नाही. मला पुढे जाऊ दे."

"पुढे म्हणजे कुठपर्यंत, काका?"

"मी हात सैल सोडेपर्यंत."

तिचे डोळे चमकले. असल्या मागण्या या पोरांना फार आवडतात. "घ्या हवा तेवढा वेळ," ती म्हणाली.

दुपारी साडेतीनला मी पलंगावर पडलो. माझी सिनेमातली मुलगी उशाशी बसली. दिवे तापले, कुणीतरी शॉटची फळी आपटली, आणि मी सुरुवात केली. पहिले तीन श्वास सवयीचेच. थांबलो. माझा हात मुलीच्या हातात होता. मग तो लहान श्वास आला, नेहमीसारखा न बोलावता. एरवी इथे कुणीतरी ओरडतं. आज कुणी ओरडलं नाही. खोलीत इतकी माणसं असून एवढी शांतता होती की मला ती चेहऱ्यावर जाणवली. तो श्वास मी हळूच बाहेर सोडला. पुढचा घ्यायची वेळ आली, तेव्हा घेतला नाही. वाटलं होतं छाती धडपडेल, घसा ओढेल. तसं काहीच झालं नाही. फार सोपं होतं. मी हात सैल सोडला.

कितीतरी वेळाने दिग्दर्शक मुलगी 'कट' म्हणाली. तिचा आवाज रडका होता.

मी उठलो नाही. तसाच पडून कानला बोटाने खूण केली, की घे. त्याने सगळ्यांना थांबवलं. अर्धं मिनिट गेलं. मी डोळे मिटून ऐकत होतो. पलंगाखाली काही नाही, उशीत काही नाही, कुठेच काही नाही.

कानने हेडफोन उतरवले. मी त्याला पहिल्यांदा हसताना बघितलं.

"स्वच्छ, काका. एकही श्वास नाही. तुमचा दमासुद्धा नाही."

लोक टाळ्या वाजवायला लागले. दिग्दर्शक मुलगी येऊन गळ्यात पडली. काहीतरी बोलावं असं वाटलं, पण इतकं हलकं वाटत होतं की बोलणं नकोसं झालं. मी नुसती तिच्या पाठीवर थाप मारली. रंगभूषावाला माझं तोंड पुसत म्हणाला, "काका, केवढे गार पडलात. या एसीने जीव घेतला माणसाचा." मी मान हलवली. कंपनीची गाडी होती, ड्रायव्हरला घर ठाऊक होतं. वाटेत एकदाही बोलावं लागलं नाही.

६

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. तीन मजले चढताना मी दोनदा थांबतो, ही रोजची गोष्ट. त्या दिवशी एका दमात चढत होतो. दमा कुठल्या कुठे गेला होता. खरं सांगतो, मला आनंद झाला. कित्येक वर्षांत असा घरी गेलो नव्हतो.

दुसऱ्या मजल्यावर वहिनी दूध घेऊन आपल्या दाराचं कुलूप काढत होत्या. मला बघून त्यांचा हात थांबला.

"अहो, तुम्ही खाली कधी उतरलात? काकू म्हणाल्या, काका आलेत, आत पडलेत. म्हणून तर मी तीनलाच खाली आले, आता दूध घेऊन येतेय."

मी त्यांच्याकडे बघितलं आणि धावत सुटलो.

पुढचं दार नुसतं लोटलेलं होतं. बायकोची खुर्ची रिकामी होती. आतल्या खोलीचं कुलूप जमिनीवर होतं. मोडलेलं नव्हतं, नीट उघडून ठेवलं होतं. किल्ली माझ्या खिशात होती. मी आत गेलो नाही, उंबऱ्याशीच थांबलो.

खिडकीचा पडदा ओढलेला होता. ती पलंगाच्या कडेला माझ्याकडे पाठ करून बसली होती, डॉक्टरांनी सांगितलं तशी, मान ताठ ठेवून. तिच्याआडून मला पलंग पुरता दिसत नव्हता. चादर छातीपर्यंत नीट ओढलेली. उशीवर पांढरे केस. चादरीबाहेर दोन पावलं, आणि पायांत करडे मोजे, एकाची टाच रफू केलेली. ती रफू तिनेच ऑपरेशनच्या आधी केली होती. मी माझ्या पायांकडे बघितलं नाही.

"वहिनी, आलात?" ती म्हणाली. तिने मान वळवली नाही. "गेले हो हे. साडेतीन वाजून गेल्यावर. या वेळी उठून नाही गेले मी. बसले. शेवटपर्यंत बसले."

ती रडत नव्हती. चादरीवरून हात फिरवत होती, सुरकुत्या मोडत.

"श्वास थांबला, मला वाटलं झालं. मी हात सोडला. आणि मग एक लहानसा आला. लोक मला येऊन सांगायचे ना त्यांचं कौतुक, ते हेच असणार. मी कधी बघितलं नाही. चाळीस वर्षं बाहेर बसून राहिले. त्यांना वाटत असणार, हिला आपलं काम आवडत नाही." तिने चादरीची कड आत खोचली. "आवडत होतं हो. फक्त शेवट सहन व्हायचा नाही."

मला तिला हाक मारायची होती. अगं, मी इथे आहे, मागे वळ, तो मी नव्हे. एवढं साधं. रंगमंचावर आलेल्या माणसाला सगळ्यात आधी शिकवतात की बोलण्याआधी श्वास घ्यायचा. मी तोंड उघडलं आणि छाती वर उचलायला गेलो. ती उचललीच नाही.

तिने मान थोडी तिरपी केली. आजकाल ती असंच ऐकते. माझ्या दिशेने बराच वेळ ऐकत राहिली.

"वहिनी?" ती म्हणाली. मग आवाज बदलला. "कोण आहे तिथे?"

तिने हात पुढे केला, हवेत चाचपत. मी दारात उभा आहे. तिचा हात माझ्यापासून चार पावलांवर आहे. "कोण आहे, बोला ना," ती म्हणते आहे, आणि मी तोंड उघडून उभा आहे.